सुरतेचा सोस्यो, काचेच्या बाटलीतून

सोस्यो या पेयाविषयी लिहायचे मी बरीच वर्षे टाळले. ज्या चवीशी मामाचे घर, पॅसेंजर गाडी आणि मे महिन्याची सुट्टी कायमची जोडली गेली आहे, त्या चवीचा निवाडा आपल्या हातून निःपक्षपातीपणे होईल, याची मला खात्री वाटत नव्हती. या उन्हाळ्यात मात्र सुरतेतल्या उधन्याला मामांकडे आठ दिवस मुक्काम झाला. तेव्हा काचेच्या बाटलीतला, प्लास्टिकच्या बाटलीतला आणि पत्र्याच्या डब्यातला असा तिन्ही प्रकारचा सोस्यो मी एका दुपारी शेजारी शेजारी ठेवून शांतपणे प्यायलो. त्या दुपारी जे जाणवले ते आणि त्याच्या मागची जवळजवळ चाळीस वर्षांची ओळख, असे दोन्ही या लेखात आले आहे.

आमचे मूळ गाव नंदुरबारजवळचे. खानदेशातल्या माणसाला सुरत हे कधीच परराज्यातले शहर वाटत नाही. नंदुरबार, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतली असंख्य कुटुंबे उधना, लिंबायत आणि डिंडोली या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, आणि तिथल्या गल्ल्यांमध्ये आजही गुजरातीइतकीच सहज अहिराणी कानावर पडते. माझे मामा तिथे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते. बारा तासांची पाळी, आठवडाभर दिवसपाळी आणि आठवडाभर रातपाळी, असा त्यांचा क्रम असे. परीक्षा संपली की आई आम्हां दोघा भावंडांना घेऊन भुसावळकडून येणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसे, आणि चिंचपाडा, नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली अशी एकेक स्थानके मागे टाकत, घामाने निथळत आम्ही दुपारी कधीतरी उधन्याला उतरत असू. मामा रातपाळी करून, जेमतेम डोळा लागतो न लागतो तोच उठून स्टेशनवर आलेले असत. घरी पोहोचल्यावर पाण्याचा तांब्या देण्याआधी ते कोपऱ्यावरच्या दुकानदाराला हाक मारत, "भाचा उना, दोन बाटल्या दे." त्या बाटल्या सोस्योच्या असत.

पहिल्या घोटाला सोस्यो आवडतोच असे नाही, हे नव्याने पिणाऱ्याला आधीच सांगायला हवे. लिंबाच्या किंवा संत्र्याच्या सोड्यात जिभेला ओळखीचे फळ चटकन सापडते. तसे इथे होत नाही. रंग गडद सोनेरी, तपकिरीकडे झुकणारा. बाटलीचे बूच उघडताच जो वास येतो तो पिकून किंचित आंबू लागलेल्या द्राक्षांची आणि सफरचंदाची आठवण करून देणारा आहे. घोट घेतल्यावर आधी वायूची झणझणीत टोचणी, लगेच तिच्यामागून गोडवा, आणि तो गोडवा जिभेवर बसायच्या आत येणारा एक आंबट-तुरट शेवट, असा त्याचा क्रम असतो. हा शेवट मला या पेयाचा प्राण वाटतो. साखरेचे इतर थंड पेय प्यायल्यावर ओठ आणि दात चिकट होतात आणि पुन्हा पाणी प्यावेसे वाटते. सोस्योमध्ये त्या तुरटपणामुळे तोंड स्वच्छ झाल्यासारखे वाटते, जरी साखर त्यातही कमी नाही. कोलाच्या जवळ जाण्याचा प्रयत्न तो करत नाही. ही चव भारतातल्या दुसऱ्या कोणत्याही बाटलीबंद पेयात मला आजवर सापडलेली नाही, आणि हे विधान मी बालपणीच्या मायेपोटी करत नसून बऱ्याच गावांतले बरेच थंडे पिऊन करत आहे.

या चवीला एक इतिहास आहे, आणि तो माहीत असला की ती अधिक नीट उलगडते. सोस्यो १९२३ साली सुरतेत जन्मला. व्हिम्टो हे मँचेस्टरमध्ये १९०८ साली तयार झालेले, द्राक्षे आणि तत्सम फळांच्या चवीचे ब्रिटिश पेय त्या काळी इथेही खपत होते. स्वदेशीच्या वाऱ्यात त्याला देशी पर्याय म्हणून सुरतेच्या अब्बास अब्दुलरहीम हजूरी यांनी आपले पेय बाजारात आणले. सुरुवातीला त्याचे नाव ‘व्हिस्की नो’ असे होते, असे सांगतात. त्याचा रंग आणि गंध लक्षात घेतला तर ते नाव समजण्यासारखे आहे. नंतर सोबती किंवा सहकारी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘सोशियो’ हे नाव आले, आणि ते सुरती जिभेवर घोळून घोळून ‘सोस्यो’ झाले. गिऱ्हाईक ज्या उच्चाराने बाटली मागते तोच उच्चार मालकाने नाव म्हणून स्वीकारावा, यात मला त्या व्यवसायाचा आपल्या गावावरचा विश्वास दिसतो. ज्या बारडोलीवरून आमची गाडी जात असे, त्या बारडोलीचा साराबंदीचा सत्याग्रह पुढे पाचच वर्षांनी, १९२८ मध्ये झाला. स्वदेशी हा शब्द ज्या मुलखात इतका जिवंत होता, तिथे परदेशी पेयाची जागा घेऊ पाहणारी बाटली निघावी, हे स्वाभाविकच होते.

त्या गंधामुळे आमच्या घरात मात्र एक पेच उभा राहिला होता. आईची आई, म्हणजे आमची मोठी माय, पंढरीची वारी केलेली माळकरी बाई. ती पहिल्यांदा सुरतेला आली तेव्हा मामांनी मोठ्या हौसेने तिच्यापुढे पेला ठेवला. तिने तो नाकाजवळ नेला, रंग पाहिला आणि खाली ठेवून दिला. "हाई दारू शे," एवढेच म्हणाली आणि तोंड फिरवले. मामांनी तिला समजावले की यात दारूचा थेंबही नाही आणि गुजरात राज्यात दारूबंदी असताना ती अशी कोपऱ्यावरच्या दुकानात उघड्यावर मिळेल तरी कशी; पण तिची शंका काही गेली नाही. शेवटी मामींनी शेजारच्या गुजराती आजीबाईंना बोलावून आणले, त्यांनी मोठ्या मायच्या समोर बसून अख्खी बाटली संपवली, आणि मग कुठे माझ्या आजीने दोन घोट घेतले. त्यानंतर मात्र जेव्हा जेव्हा ती सुरतेला आली, तेव्हा दुपारच्या जेवणानंतर पोट जड झाले की ती स्वतःहून अर्धा पेला मागून घेई. तिचा असा दृढ समज होता की त्याने अन्न जिरते. ते खरे की खोटे मला सांगता येणार नाही, परंतु त्या अर्ध्या पेल्यानंतर येणारी ढेकर आणि तिच्या चेहऱ्यावरचे समाधान मी पाहिलेले आहे.

खरी अडचण होती ती बाटलीची. त्या काळी सोस्यो परत करायच्या काचेच्या बाटलीतच मिळे. दुकानात उभे राहून प्यायचे आणि बाटली खोक्यात ठेवायची, किंवा घरी न्यायची तर बाटलीपोटी अनामत रक्कम ठेवायची, अशी रीत होती. सुट्टी संपवून गावाकडे निघताना सोबत न्यायच्या वस्तूंमध्ये घारी ही सुरती मिठाई असे, मामींनी घेतलेले कापड असे, आणि सोस्यो हवाच असा माझा हट्ट असे. मामा दोन बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत उभ्या ठेवून देत आणि आईला बजावत, की पुढच्या वेळी बाटल्या परत आण, दुकानदार माझ्या ओळखीचा आहे. मग त्या बाटल्या आमच्याबरोबर नवापूरची सीमा ओलांडत. नवापूरचे स्थानक दोन राज्यांत विभागलेले आहे. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत, आणि फलाटावरचे एक बाकही अर्धे इकडे, अर्धे तिकडे. रेल्वेमार्ग १९०० सालचा आणि राज्ये वेगळी झाली १९६० साली, म्हणून हे असे झाले. गाडी तिथे थांबली की मी पिशवीत हात घालून बाटल्या अजून थंड आहेत का ते चाचपून पाहत असे. त्या थंड कधीच नसत. गावी पोहोचल्यावर त्या माठाशेजारच्या वाळूत रोवून ठेवायच्या आणि संध्याकाळी चुलत भावंडांमध्ये वाटून प्यायच्या, असा आमचा सोहळा होई. सात-आठ जणांत दोन बाटल्या म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला फुलपात्रभरही येत नसे. बुचे मात्र जपून ठेवली जात. दगडाने सपाट ठोकून, मध्ये दोन भोके पाडून, दोरा ओवून त्यांची भिंगरी करण्यात आमच्या कितीतरी दुपारी गेल्या. रिकाम्या बाटल्या आई धुऊन फडताळात ठेवी, आणि वर्षभराने त्या आमच्याबरोबर पुन्हा उधन्याला जात.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की सोस्यो प्रदेशाशी इतका बांधलेला का राहिला, याचे एक उत्तर त्या बाटलीत आहे. काचेची बाटली परत यावी लागते, म्हणून ती कारखान्यापासून फार दूर जाऊ शकत नाही. एका शहराची चव त्या शहराच्या आसपासच राहते ती अशी. १९७७ मध्ये कोकाकोलाने भारत सोडल्यावर गावोगावच्या अशा पेयांना चांगले दिवस आले. १९९३ मध्ये ती कंपनी परतली, पेप्सी त्याआधीच आलेली होती, आणि मग आमच्या तालुक्याच्या गावातही दुकानांमध्ये कंपन्यांचे रंगीत फ्रिज येऊन बसले. फ्रिज ज्या कंपनीचा त्याच कंपनीच्या बाटल्या त्यात ठेवायच्या, हा अलिखित नियम सगळ्यांना कळला. स्थानिक पेयांच्या बाटल्या बाहेर टेबलाखाली, उन्हात गेल्या, आणि कोमट थंडा कोण पिणार? अशाने कितीतरी गावांचे सोडे बंद पडले. सोस्यो टिकला, याला सुरतेच्या माणसांची निष्ठा हे कारण मला सर्वांत मोठे वाटते. सुरती माणूस खाण्यापिण्याच्या बाबतीत आपले सोडत नाही; लोचो असो, पोंक असो की सोस्यो, तो तीच वस्तू तिथेच मागतो.

आता या उन्हाळ्यातल्या त्या दुपारविषयी. मामा आता सेवानिवृत्त आहेत, कान थोडे मंद झाले आहेत, पण कोपऱ्यावरचे दुकान आहे तिथेच आहे आणि दुकानदाराचा मुलगा आता गल्ल्यावर बसतो. तिन्ही प्रकार आम्ही एकाच फ्रिजमध्ये एक रात्र ठेवले होते, त्यामुळे थंडपणात फरक नव्हता. प्लास्टिकच्या मोठ्या बाटलीतला सोस्यो पहिल्या पेल्याला चांगला लागला, परंतु त्यातली टोचणी मऊ होती, आणि अर्धी बाटली संपेपर्यंत गोडवा पुढे येऊन तो तुरट शेवट मागे सरकला. प्लास्टिकच्या भिंतीतून वायू अगदी सावकाश का होईना निसटत राहतो, हे सर्वच सोड्यांच्या बाबतीत खरे आहे. पण ज्या पेयाची मदारच वायू आणि आंबटपणाच्या जोडीवर आहे, त्याचे त्यात अधिक नुकसान होते. डब्यातला सोस्यो याहून पुष्कळ चांगला होता, वायू भरपूर, चव नेटकी. मात्र डब्याला तोंड लावून प्यायल्यास वास नाकापर्यंत पोहोचत नाही आणि धातूचा किंचित स्पर्श ओठांना जाणवत राहतो. तो पेल्यात ओतून घेतला तर ही तक्रार उरत नाही.

काचेच्या बाटलीतला सोस्यो मी मुद्दाम शेवटी प्यायलो. बूच उघडताना होणारा आवाज, गळ्यापाशी धूर धरल्यासारखा दिसणारा तो क्षणभराचा पांढरा पडदा आणि पाठोपाठ येणारा आंबूस गंध यांनी मला एकदम जुन्या खोलीत नेऊन ठेवले, हे मी नाकारत नाही. तरीही मी स्वतःला बजावून फक्त जिभेकडे लक्ष दिले. टोचणी तीक्ष्ण होती, गोडवा ताब्यात होता आणि तुरटपणा घशाच्या मागे बराच वेळ रेंगाळत होता. लहानपणी मला तो थोडा कमी गोड वाटत असे, असे मनात आले खरे. पण चाळीस वर्षांत बदल पेयात झाला की माझ्या जिभेत, हे ठरवण्याचे साधन माझ्यापाशी नाही. मामांना विचारले तर ते म्हणाले, "तोच शे." ज्यांनी पाळीवरून सुटल्यावर एवढी वर्षे रोज एक बाटली प्यायली, त्यांची साक्ष मी ग्राह्य धरतो.

सोस्यो कशाबरोबर प्यावा, याविषयी माझे मत ठाम आहे. तो गोड पदार्थांबरोबर पिऊ नये. केक किंवा घारीबरोबर त्याचा आंबटपणा उगाच कडवट भासतो. त्यात बर्फ टाकू नये, कारण बर्फ विरघळून पहिल्यांदा जातो तो हा तुरट शेवटच. तो खरा खुलतो तिखट जेवणाबरोबर. नंदुरबारची मिरची प्रसिद्ध आहे, आणि त्या मिरचीच्या काळ्या मसाल्याची शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि शेजारी काचेच्या बाटलीतला थंडगार सोस्यो, हे जेवण मामी आजही आमच्यासाठी करतात. तिखटाने जीभ पेटलेली असताना साधे पाणी तिला शांत करत नाही आणि गोड कोला तिच्यावर चिकटून बसतो. सोस्योची आंबट झणझण मात्र तिखटाला तोडीस तोड उभी राहते आणि पुढच्या घासासाठी तोंड मोकळे करते. हिवाळ्यात वांग्याच्या भरिताच्या पार्टीला कोणी सुरतेहून येणार असेल तर आमच्याकडे अजूनही हमखास निरोप जातो, की येताना थंडा घेऊन ये.

सुरतेबाहेर सोस्यो घेताना एक काळजी जरूर घ्यावी. मी राहतो त्या नाशिकमध्ये एका दुकानातून मी दोन वर्षांपूर्वी प्लास्टिकच्या चार बाटल्या आणल्या होत्या. त्या दुकानाच्या दारात, थेट उन्हात रचलेल्या होत्या, हे घरी आल्यावर लक्षात आले, आणि चारही बाटल्यांमधला वायू जवळजवळ गेलेला होता. माझ्या मुलीने सोस्योचा पहिला घोट त्या बाटलीतून घेतला आणि "बाबा, हे एवढं काय चांगलं आहे?" असे विचारले, याचे मला खरोखर दुःख झाले. दोष साठवणुकीचा होता, पण पहिली ओळख अशी बिघडली की ती दुरुस्त करायला वेळ लागतो. म्हणून सावलीत ठेवलेली, अलीकडच्या तारखेची आणि शक्यतो लहान बाटली घ्यावी, आणि बाटली हातात दाबून पाहावी. ती घट्ट लागली पाहिजे. मुंबईत मोहम्मद अली रस्त्याच्या परिसरात मला एकदा उत्तम थंड सोस्यो मिळाला होता, तेव्हा तिकडे जाणाऱ्यांनी विचारून पाहावे. याच घराण्याची काश्मिरा, लेमी, जिनलिम अशी आणखीही पेये आहेत. ती वाईट नाहीत, परंतु तशा चवी इतरत्रही मिळतात, त्यामुळे प्रथमच चाखणाऱ्याने सुरुवात सोस्योपासूनच करावी.

जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे सोस्योच्या शंभराव्या वर्षी, रिलायन्सच्या कंपनीने या व्यवसायात निम्मा हिस्सा घेत असल्याचे जाहीर केले. यामुळे हे पेय पुणे-नागपूरपर्यंत सहज मिळू लागले तर मला आनंदच होईल, आणि खानदेशातून नोकरीसाठी दूर गेलेल्या अनेकांना तो होईल. माझी एकच कळकळीची विनंती आहे, की दूरवर पोहोचवण्यासाठी प्लास्टिक आणि डबे जरूर असावेत, पण सुरत आणि तिच्या आसपासच्या गावांपुरती तरी परत करायची काचेची बाटली बंद होऊ नये, आणि नव्या गिऱ्हाइकाला रुचावा म्हणून तो आंबट-तुरट शेवट गुळमुळीत केला जाऊ नये.

गुण द्यायचे तर काचेच्या बाटलीतल्या सोस्योला मी पाचपैकी पाच देतो, डब्यातल्याला चार आणि प्लास्टिकच्या मोठ्या बाटलीतल्याला तीन. परतीच्या प्रवासात मी मुलीसाठी काचेची एक बाटली मागून घेतली. दुकानदाराच्या मुलाने अनामत रक्कम घ्यायला नकार दिला. मामांचा भाचा म्हणून बाटली तशीच दिली आणि परत आणायला मात्र सांगितले. नाशिकला आल्यावर ती रात्रभर गार केली आणि दुसऱ्या दिवशी शेवभाजीबरोबर मुलीपुढे ठेवली. या वेळी तिने काही विचारले नाही, पेला संपवला आणि बाटलीत उरलेले ओतून घेतले. ती बाटली धुऊन फडताळात ठेवली आहे. दिवाळीला उधन्याला जाऊ, तेव्हा परत करायची आहे.